लाल खडा घेताना : माणिकाचा भाव कशावर ठरतो

सराफाच्या काचेखाली एकाच मापाचे चार लाल खडे मांडले, तर त्यांतला महाग कोणता हे नुसत्या डोळ्यांनी भल्याभल्यांना सांगता येत नाही. एकाचा भाव कॅरेटला पन्नास रुपये असू शकतो, दुसऱ्याचा पाचशे, तिसऱ्याचा तीस हजार आणि चौथ्याचा तीन लाख. पहिला कारखान्यात घडवलेला, दुसरा काच भरून उभा केलेला, तिसरा भट्टीत तापवून रंग खुलवलेला आणि चौथा जमिनीतून निघाला तसाच, फक्त पैलू पाडलेला. चौघांतही मूळ पदार्थ एकच, म्हणजे कुरुंद : ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, ज्याला क्रोमियमच्या लेशामुळे लाली येते. म्हणून ‘हे माणिक आहे का?’ हा प्रश्न दुकानात फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते ‘या खड्यावर काय काय केलंय?’ असं, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

पुढे दिलेले भाव किरकोळ बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. रंग, स्वच्छता, शहर आणि पेढी यांप्रमाणे ते बरेच हलतात. पण एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना किमतीला जी उडी बसते ती सगळीकडे तशीच असते, आणि गिऱ्हाइकाची फसगत होते ती याच उडीच्या जागी.

कारखान्यातल्या माणिकापासून सुरुवात करू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त व्हर्नय याने ज्योतीत ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे खडे जगभर पसरले. मनगटी घड्याळांतले ‘ज्युवेल’ याच जातीचे. आज असा खडा कॅरेटला दहा-वीस रुपयांपासून शंभर-दोनशेपर्यंत मिळतो. वेगळ्या, सावकाश पद्धतीने वाढवलेले काही खडे याहून महाग असतात. रंग सुरेख, आत डाग नाही, कठिणपणा नैसर्गिक माणिकाइतकाच, म्हणजे मोहसच्या मोजपट्टीवर ९. रोज घालायच्या नथीत किंवा कुड्यांत असा खडा बसवायला काहीच हरकत नाही, पैसे त्याच्याच भावाचे दिलेत तर.

आजीच्या किंवा पणजीच्या दागिन्यांचा विचार इथेच करायला हवा. ‘जुना आहे, म्हणजे अस्सल असणार’ असं आपण धरून चालतो. विसाव्या शतकात घडवलेल्या नथीत, तन्मण्याच्या पदकात किंवा अंगठीत कारखान्याचं माणिक असणं अगदी शक्य आहे, कारण तेव्हा ते बाजारात आलेलंच होतं. घडवणाऱ्या सोनाराने तेव्हा काही लपवलं असेल असंही नाही. म्हणून वारसाहक्काच्या वाटणीत असा दागिना ‘माणकाचा’ म्हणून मोठ्या किमतीला धरण्याआधी खडा तपासून घ्या. चाचणीला लागतात त्याहून कितीतरी जास्त पैसे आणि मनस्ताप भावंडांच्या गैरसमजात खर्ची पडतात.

सर्वांत जास्त सावध राहायचं ते काच भरलेल्या माणिकापासून. २००४च्या सुमारास रत्न-प्रयोगशाळांच्या नजरेस हे खडे पहिल्यांदा आले आणि बघता बघता स्वस्त बाजार त्यांनी व्यापला. भेगाळलेलं, गढूळ, एरवी टाकून दिलं असतं असं कुरुंद घ्यायचं, आम्लाने धुऊन आतली घाण काढायची आणि शिसं असलेली काच वितळवून भेगांत शिरवायची. भिंतीच्या चिरांत पुट्टी भरून वर रंग दिला की भिंत अखंड दिसते, तसा हा खडा पाणीदार दिसू लागतो. काही खड्यांत काच इतकी असते की ती विरघळवली तर हातात तुकडेच उरतील. प्रयोगशाळा अशा खड्याला नुसतं माणिक म्हणत नाहीत, ‘माणिक व काच यांचं मिश्रण’ अशा अर्थाची नोंद करतात. त्याचा खरा भाव कॅरेटला शंभर रुपयांपासून हजार-बाराशेपर्यंत. विकला मात्र जातो तो कॅरेटला तीन, पाच, कधी दहा हजारांनाही, आणि विकणारा ‘नॅचरल आहे हो’ असं सांगतो, कारण त्यातलं कुरुंद खरोखरच खाणीतलं असतं.

किंमत हा निम्माच तोटा झाला. ही काच लिंबाच्या रसानेसुद्धा खरवडली जाते. दागिना उजळायला सोनार तेजाब वापरतो, त्याने पृष्ठभागावर पांढुरक्या रेषांचं जाळं उमटतं. अंगठी सैल करायला किंवा तुटलेली कडी जोडायला खडा जागेवर ठेवूनच ज्योत लावली तर खडा कायमचा बिघडतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकणंही वाईटच. म्हणजे मापात फेरफार करायला म्हणून दिलेली अंगठी पंधरा दिवसांनी गढूळ खड्यासह परत येते, आणि खडा आधीच तसा होता की दुकानात बिघडला याचा पुरावा कोणापाशीच नसतो. जुना किंवा माहिती नसलेला लाल खडा असलेला दागिना दुरुस्तीला देताना ‘खडा काढून मगच झाळा’ असं पावतीवर लिहून घ्या.

हा खडा ओळखणं तुलनेने सोपं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग काही शे रुपयांना मिळतं. त्यातून खडा हळूहळू फिरवत पाहिलं की भेगांच्या जागी निळसर किंवा नारिंगी झळाळी चमकून जाते आणि चपटे बुडबुडे दिसतात. कारखान्यातल्या खड्यात गोल बुडबुडे आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा असतात. नैसर्गिक कुरुंदात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात असतात. ही चिन्हं पाहून शंका पक्की होते, खात्री मात्र होत नाही. दुधात टाकून दूध गुलाबी दिसतं का, उन्हात धरून किरण फाकतात का, असल्या घरगुती कसोट्या सोडूनच द्या. कारखान्याचा खडा त्या सगळ्या पार करतो.

आता खऱ्या माणिकाकडे. बाजारातल्या बहुतेक नैसर्गिक माणिकांना उष्णता दिलेली असते. हजार अंशांच्या पुष्कळ वर नेलं की जांभळट झाक कमी होते, आतली धुरकट रेशमी छटा विरते आणि लाल रंग उठून येतो. हा संस्कार कायमचा आहे, व्यापारात मान्य आहे आणि त्यात फसवणूक नाही, फक्त तो सांगितला पाहिजे. साधारण एका कॅरेटचा, थोडे डाग असलेला, गडद किंवा गुलाबी झाक मारणारा तापवलेला खडा कॅरेटला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत मिळतो. रंग भरीव आणि खडा स्वच्छ असेल तर चाळीस हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत. असाच खडा न तापवलेला निघाला की भाव दुप्पट-तिप्पट होतो, आणि मोठ्या वजनात त्याहूनही पुढे जातो. दोन्ही खडे डोळ्यांना सारखेच दिसतील. फरक आहे तो प्रयोगशाळेच्या अहवालातल्या एका ओळीत, आणि ती ओळ लाखाची असू शकते.

वजनाचंही असंच. दोन कॅरेटचा खडा एक कॅरेटच्या दुप्पट किमतीचा नसतो, कॅरेटचा दरच वर चढतो. जाहीर लिलावातले आकडे यामुळेच डोळे दिपवतात. मोझांबिकच्या खाणीतून निघालेलं ५५.२२ कॅरेटचं ‘एस्त्रेला दे फुरा’ हे माणिक जून २०२३मध्ये न्यूयॉर्कला ३.४८ कोटी डॉलरना गेलं. बर्मी ‘सनराइज रुबी’ २५.५९ कॅरेटचं, म्हणजे वजनाने निम्म्याहून कमी. तेही २०१५ साली जिनिव्हात तीन कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. म्यानमारच्या मोगोकचं नाव जोडलं की किंमत वाढते ती अशी. मात्र गावच्या पेढीत ‘बर्मा’ या शब्दाला वेगळे पैसे मोजू नका. २००९मध्ये मोझांबिकच्या मोंतेप्वेझ भागात मोठे साठे सापडल्यापासून बाजारातला पुष्कळ माल तिथला आहे आणि त्यातला चांगला खडा कुठल्याही अर्थाने दुय्यम नाही. उगमाचे पैसे मोजायचे असतील तर उगम लिहिलेला अहवाल हवा, तो नसेल तर फक्त रंगाचे आणि स्वच्छतेचे मोजा. कर्नाटक आणि ओडिशात निघणारं माणिक बहुतेक अपारदर्शक असतं, घुमटाकार घासून विकतात, आणि ते पुष्कळ स्वस्त असायला हवं.

ज्यांना ज्योतिषाने माणिक सांगितलं आहे त्यांचा हिशेब जरा सविस्तर मांडतो, कारण सर्वांत जास्त पैसे तिथे जातात. ‘सव्वापाच रत्तीचं, स्वच्छ, न तापवलेलं माणिक रविवारी अनामिकेत घाला’ असा सल्ला असतो. रत्ती म्हणजे किती? तोळ्याचा शहाण्णवावा भाग मानणारी सोनारी रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची. रत्नांच्या बाजारात चालणारी रत्ती १८० मिलिग्रॅमच्या आसपासची. पहिल्या मापाने सव्वापाच रत्ती म्हणजे सव्वातीन कॅरेटच्या आत, दुसऱ्याने पावणेपाच कॅरेट. आकडा एकच, खड्यात दीड कॅरेटचा फरक. म्हणून भाव नेहमी कॅरेटचा विचारा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे माप जगभर एकच आहे.

आता पावणेपाच कॅरेटचं स्वच्छ, लाल, न तापवलेलं माणिक प्रामाणिक भावाने कितीला पडेल? कॅरेटला तीन लाख धरले तरी चौदा लाखांच्या वर, आणि या वजनात दर तेवढ्यावर थांबत नाही. तेच तुम्हाला पंचवीस हजारांत ‘सर्टिफिकेटसकट’ मिळत असेल तर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी किमान एक त्यात नाही. श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण खडा सुचवणाराच विकणारा असेल, किंवा ‘अमुकच दुकानातून घ्या’ म्हणत असेल, तर तिथे दलाली असू शकते आणि ती गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते. सल्ला एका जागी घ्या, खडा दुसरीकडे घ्या आणि चाचणी तिसरीकडे करा. बँकॉकच्या गटसहलीत बसमधून नेऊन दाखवलेल्या रत्नांच्या दुकानांनाही हाच नियम लावा. तिथून घेतलेला खडा परत द्यायला तुम्ही पुन्हा जाणार नाही, हे विक्रेत्याला ठाऊक असतं.

दहा-वीस हजारांचा खर्च ठरलेला असेल आणि हवी असेल ती फक्त सुंदर लाल अंगठी, तर माझं स्पष्ट मत : काच भरलेलं माणिक घेऊ नका, तामडा घ्या. दुकानात त्याला गार्नेट म्हणतात. राजस्थान आणि ओडिशात तो निघतो, सहसा त्यावर कुठला संस्कार करत नाहीत, आणि डाळिंबी किंवा वाइनच्या रंगाचा स्वच्छ खडा कॅरेटला दोनशे ते दोन हजारांत मिळतो. कठिणपणा ६.५ ते ७.५, म्हणजे माणिकापेक्षा मऊ. अंगठी रोज वापरली तर वर्षानुवर्षांत पैलूंच्या कडा बोथट होतील. कानातल्यांत आणि पेंडंटमध्ये मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. थोडा जास्त खर्च झेपत असेल तर स्पिनेल पाहा. उत्तरेकडच्या बाजारात त्यालाच लालडी म्हणतात. कठिणपणा ८, रंग कधी कधी माणिकालाही मागे टाकेल असा. ब्रिटिश राजमुकुटात ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ म्हणून बसवलेला मोठा लाल खडा खरं तर स्पिनेलच आहे. हलक्या गुलाबी स्पिनेलचा कॅरेट काही हजारांत मिळतो, भर लाल मात्र आता माणिकासारखाच महाग झाला आहे.

चाचणीसाठी मुंबई आणि जयपूर ही दोन ठिकाणं सोयीची. जयपूर रंगीत खड्यांना पैलू पाडण्याचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र, तिथे पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा आहे. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जीआयए आणि आयजीआय यांच्या प्रयोगशाळाही आहेत. खडा कोणता आणि त्यावर काय केलंय एवढं सांगणाऱ्या साध्या पत्रिकेला अनेक ठिकाणी काही शेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत खर्च येतो. उगमासह सविस्तर अहवालाला वजनाप्रमाणे त्याहून कितीतरी जास्त. वीस हजारांच्या वरच्या खड्याला अहवाल नसेल तर घेऊच नका. दुकानदाराने दिलेल्या कार्डावर नुसतं ‘नॅचरल रुबी’ असेल आणि संस्काराबद्दल काहीच नसेल, तर ते कार्ड चाचणी केल्याचा पुरावा नाही. अहवालात ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ म्हणजे तापवलेलं, ‘नो इंडिकेशन्स’ म्हणजे तापवल्याच्या खुणा नाहीत, ‘ग्लास फिलिंग’ किंवा ‘कॉम्पोझिट’ दिसलं की काच. ‘सिंथेटिक’ किंवा ‘लॅब-ग्रोन’ म्हणजे कारखान्याचं. अहवालावरचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर पडताळा, आणि वजन व मापं खड्याशी जुळतात का ते स्वतः बघा. खरा अहवाल दुसऱ्याच खड्याबरोबर देण्याचे प्रकार होतात.

चाचणी जडवण्याआधी करा. पाठ बंद असलेल्या कोंदणात खड्याखाली चकचकीत वर्ख घालून रंग वाढवलेला असतो आणि तपासणाऱ्यालाही खड्याच्या एका बाजूनेच पाहता येतं. नवी अंगठी करत असाल तर खड्याची पाठ उघडी ठेवायला सांगा.

आता दागिन्याचं बिल. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नसतो, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. हॉलमार्कमधला सहा अंकाक्षरांचा ओळख-क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, १ एप्रिल २०२३पासून सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. सोन्याची शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि चाचणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. खड्यासाठी अशी कोणतीही तरतूद नाही. तुमच्यापाशी असतो तो फक्त बिलावरचा मजकूर. शिवाय दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाव कामाला हॉलमार्कची सक्ती नाही. बऱ्याच नथी याच सवलतीत बसतात, म्हणून तिथे पेढीची पत आणि बिल यांवरच भिस्त.

समजा चार ग्रॅम सोन्यात दीड कॅरेटचं तापवलेलं माणिक बसवायचं आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून सोनं ग्रॅमला दहा हजार धरू. तुम्ही त्या दिवसाचा दर घाला. सोनं ४०,०००. घडणावळ १२ टक्के, म्हणजे ४,८००. खडा कॅरेटला १५,०००प्रमाणे २२,५००. बेरीज ६७,३००, तिच्यावर ३ टक्के जीएसटी २,०१९. हॉलमार्कचे पन्नासेक रुपये आणि खड्याच्या अहवालाचे हजारभर वेगळे. एकूण सत्तर हजारांच्या आसपास. आता हीच अंगठी खड्यासकट तोलून ४.३ ग्रॅम सोनं लावलं, तर खड्याच्या ०.३ ग्रॅमचे तीन हजार तुम्ही सोन्याच्या भावाने दिलेत, वर त्याची घडणावळ आणि खड्याची किंमत पुन्हा वेगळी.

अंगठीत हा फटका तीन हजारांचा आहे. जडाव हारात तो घर हादरवतो. साठ ग्रॅमच्या हारात खडे आणि आतली लाख मिळून पंधरा ग्रॅम असतील आणि बिल साठ ग्रॅमचंच झालं, तर याच दराने दीड लाख रुपये लाखेला आणि काचेला गेले. म्हणून बिलावर एकूण वजन, सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांची संख्या आणि कॅरेट, खड्याचा दर, घडणावळ हे सगळं वेगवेगळं मांडून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिणं पेढीवर बंधनकारकच आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. खड्यापुढे ‘स्टोन’ एवढंच न लिहिता ‘नैसर्गिक माणिक, तापवलेलं, काच नाही’ असं लिहून घ्या. प्रामाणिक सराफ ते लिहून देतो. जो कां-कूं करतो त्याच्याकडून सोनं घ्यायचं तर घ्या, खडा घेऊ नका.

मोडीच्या वेळचं चित्रही आत्ताच विचारून ठेवा. दागिना मोडताना बहुतेक पेढ्या खड्याचं वजन वजा करतात आणि खड्याला काहीच देत नाहीत. लहान चुन्यांच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे. वीस-पंचवीस हजारांचा खडा असेल तर परतखरेदीचा टक्का बिलावर लिहून मागा. मोडताना काढलेले खडे तुमचे असतात, ते पुडीत बांधून परत घ्या.

फसवणूक झालीच तर खडा, बिल आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आधी पेढीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग : दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथे चालतं, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दागिना पाच-सहा वर्षं पेटीत ठेवून लेकीच्या लग्नाच्या वेळी तपासला तर मुदतीचा मुद्दा आडवा येऊ शकतो, म्हणून खडा घेतल्याच्या महिन्याभरात तपासून घ्या.